बॉइंक चालवताना प्रोसेसरवर मर्यादा कशी घालावी : नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

बॉइंक हे घरच्या संगणकाची मोकळी गणनशक्ती वैज्ञानिक प्रकल्पांना देणारे सॉफ्टवेअर आहे. ते बसवून एखाद्या प्रकल्पाशी संगणक जोडला, की बहुतेकांना पहिल्याच तासात दोन गोष्टी जाणवतात. पंखा सतत जोरात फिरू लागतो आणि लॅपटॉपचा खालचा भाग हाताला चटका बसावा इतका तापतो. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसरचा वापर शंभर टक्के दिसतो. अनेक जण याच वेळी घाबरून सॉफ्टवेअर काढून टाकतात आणि एक उत्साही स्वयंसेवक कायमचा गमावला जातो. प्रत्यक्षात हा बिघाड नसतो. मर्यादा घातली नाही, तर मोकळी असलेली सर्व गणनशक्ती वापरणे हेच या सॉफ्टवेअरचे काम आहे. ती किती वापरू द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे आणि त्यासाठीची साधने बॉइंकमध्येच दिलेली आहेत. अडचण एवढीच, की त्यांतील दोन महत्त्वाच्या चौकटी एकसारख्या दिसतात, पण त्यांचे परिणाम वेगळे होतात. हा लेख मुख्यतः तो फरक स्पष्ट करण्यासाठी लिहिला आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. सेटी ॲट होम हा परग्रहांवरील बुद्धिमान जीवांच्या खुणा शोधणारा प्रकल्प कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून मे १९९९मध्ये सुरू झाला. घरोघरचे संगणक रिकाम्या वेळात रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत. पुढे हीच व्यवस्था इतर विषयांनाही वापरता यावी, म्हणून डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली बॉइंक तयार झाले. सेटी ॲट होमने मार्च २०२०अखेर नवे काम वाटणे थांबवले, पण आइनस्टाइन ॲट होम, एलएचसी ॲट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, प्राइमग्रिड असे अनेक प्रकल्प बॉइंकवर आले. मी येथे उदाहरणादाखल आइनस्टाइन ॲट होम धरले आहे. हा प्रकल्प लायगो या अमेरिकेतील गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या नोंदींमध्ये सातत्याने येणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधतो, तसेच रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींमध्ये पल्सार, म्हणजे वेगाने फिरत नियमित स्पंद पाठवणारे तारे, शोधतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका वाटू नये.

१. सुरुवातीला काय हाताशी ठेवावे

कोणतीही मर्यादा घालण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ असू द्या.

- बॉइंक मॅनेजर, तोही ‘ॲडव्हान्स्ड व्ह्यू’मध्ये. ‘सिंपल व्ह्यू’ दिसायला सोपा असला, तरी प्रत्येक कामाची स्थिती त्यात नीट कळत नाही. ‘व्ह्यू’ या मेनूतून तो बदलता येतो.
- तापमान दाखवणारे एखादे साधन. विंडोजवर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू-इन्फो पुरते, तर लिनक्सवर एलएम-सेन्सर्स.
- प्रोसेसरचा वापर दाखवणारे साधन. विंडोजवर टास्क मॅनेजर, लिनक्सवर टॉप किंवा एच-टॉप.
- तुमच्या प्रोसेसरमध्ये किती कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग) आणि किती थ्रेड (सर्व कोअर मिळून एकाच वेळी चालवू शकतात असे कामाचे प्रवाह) आहेत, ही माहिती. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ (म्हणजेच थ्रेड) असे दोन आकडे दिसतात. ते लिहून ठेवा, कारण पुढचे सर्व हिशेब त्यांवरच आहेत.
- प्रकल्पाच्या खात्याचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड.

आता बॉइंक बंद असताना प्रोसेसरचे तापमान नोंदवा. मग ते पूर्ण ताकदीने अर्धा तास चालू द्या आणि पुन्हा नोंदवा. या दोन नोंदी नसतील, तर पुढे केलेल्या बदलाचा उपयोग झाला की नाही हे केवळ पंख्याच्या आवाजावरून ठरवावे लागते आणि तो अंदाज हमखास चुकतो.

२. मर्यादा नेमकी कशासाठी हवी, हे आधी ठरवा

बॉइंकची कामे प्रोसेसरवर सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतात. याचा अर्थ असा, की तुम्ही ब्राउझर उघडला किंवा एखादे पत्र टंकायला घेतले, तर प्रोसेसर आधी तुमचे काम करतो आणि उरलेला वेळ बॉइंकला देतो. त्यामुळे शंभर टक्के वापर दिसत असूनही संगणक बऱ्यापैकी चपळ राहतो. तरीही तो मंद वाटत असेल, तर कारण बहुधा प्रोसेसर नसून मेमरी असते. अशा वेळी प्रोसेसरची टक्केवारी कितीही कमी केली, तरी फारसा फरक पडत नाही. त्यासाठी ‘डिस्क अँड मेमरी’ या पानावरील मेमरीची मर्यादा कमी करावी लागते.

प्रोसेसरवरील मर्यादेची खरी कारणे तीन आहेत: उष्णता, पंख्याचा आवाज आणि वीजबिल. वीजबिलाचा हिशेब सोपा आहे. बॉइंकमुळे संगणक ६० वॅट जास्तीचे खात असेल आणि तो दिवसरात्र चालू असेल, तर दिवसाला १.४४ युनिट आणि महिन्याला सुमारे ४३ युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरांमध्ये १०० आणि ३०० युनिटांना टप्पा बदलतो, म्हणून तुमचे घर कोणत्या टप्प्याच्या काठावर आहे हे जुन्या बिलावर पाहून घ्या. वाढलेले ४३ युनिट वरच्या टप्प्यात जाणार असतील, तर त्यांचा दरही वरचाच लागतो.

३. दोन टक्केवाऱ्यांमधला फरक

‘ऑप्शन्स’ मेनूतून ‘कम्प्युटिंग प्रेफरन्सेस’ उघडा. ‘कम्प्युटिंग’ या पहिल्याच पानावर दोन ओळी दिसतील. एकीत सीपीयूंपैकी (प्रोसेसरला येथे सीपीयू म्हटले आहे) जास्तीत जास्त किती टक्के सीपीयू वापरावेत असे विचारले आहे, दुसरीत सीपीयूचा जास्तीत जास्त किती टक्के वेळ वापरावा असे. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. अनेक नवे स्वयंसेवक दोन्हींत ५० भरतात आणि काम निम्म्यावर येईल अशी अपेक्षा धरतात, प्रत्यक्षात ते पाव हिश्श्यावर येते.

पहिली टक्केवारी एकाच वेळी किती कामे चालतील हे ठरवते. बॉइंक येथे लॉजिकल प्रोसेसर मोजते. चार कोअर आणि आठ थ्रेडचा प्रोसेसर असेल, तर बॉइंकच्या लेखी ते आठ सीपीयू आहेत. ५० टक्के भरल्यास एका वेळी चार कामे चालतात, २५ टक्के भरल्यास दोन. अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक घेतला जातो, मात्र किमान एक काम चालतेच. म्हणून आठ सीपीयूंवर ६० टक्के भरणे आणि ५० टक्के भरणे यांत काहीच फरक नाही, दोन्ही वेळा चारच कामे चालतील.

दुसरी टक्केवारी कामांची संख्या बदलत नाही, तर सर्व कामे थोड्या थोड्या वेळाने थांबवते आणि पुन्हा चालू करते. ७५ टक्के भरल्यास तीन सेकंद गणना आणि एक सेकंद विश्रांती असे चक्र चालते. टास्क मॅनेजरमधील आलेख त्यामुळे करवतीच्या दातांसारखा दिसतो. सरासरी वापर कमी होतो हे खरे, पण काम चालू असलेल्या सेकंदांत सर्व कोअर पूर्ण ताकदीने धावतात, तापमान झटकन वर जाते आणि विश्रांतीत खाली येते. लॅपटॉपच्या पंख्यावर या चढउताराचा परिणाम विशेष त्रासदायक असतो, कारण तो दर काही सेकंदांनी आवाज बदलत राहतो. रात्री शांत खोलीत हा बदलता आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त खटकतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे: वेळेची टक्केवारी १०० ठेवा आणि सीपीयूंची टक्केवारी कमी करा. वेळेची टक्केवारी केवळ एकाच प्रसंगी वापरावी. सीपीयूंची संख्या एकावर आणूनही यंत्र तापत असेल, तरच.

येथे आणखी एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. एका कोअरवरचे दोन थ्रेड त्या कोअरची ताकद वाटून घेतात, त्यामुळे आठऐवजी चार कामे चालवली, तर ती बहुधा चार वेगवेगळ्या कोअरवर विभागली जातात आणि प्रत्येक काम पूर्वीपेक्षा लवकर संपते. एकूण काम निम्म्यापेक्षा बरेच जास्त होते. याची दुसरी बाजू अशी, की उष्णताही निम्म्यावर येत नाही. शिवाय कमी कोअरवर भार असला, की प्रोसेसर त्यांची गती आपणहून वाढवतो. त्यावरचा उपाय पाचव्या पायरीत आहे.

४. आकडे भरा आणि ते लागू झाल्याची खात्री करा

बॉइंकच्या नव्या आवृत्त्यांमध्ये संगणक वापरात असताना आणि वापरात नसताना असे दोन वेगळे संच भरता येतात. ही सोय फार उपयोगाची आहे. आठ थ्रेडच्या घरगुती लॅपटॉपसाठी वापरात असताना २५ टक्के आणि वापरात नसताना ५० टक्के, ही सुरुवात मला योग्य वाटते. डेस्कटॉपची थंड राहण्याची क्षमता चांगली असल्याने तेथे ५० आणि ७५ टक्के चालू शकतात. जुन्या आवृत्तीत एकच संच असतो, तेथे ५० टक्क्यांपासून सुरू करा.

त्याच पानावर पुढील नोंदी तपासा.

संगणक बॅटरीवर असताना गणना थांबवण्याची चौकट लॅपटॉपवर नेहमी निवडलेली असावी. मात्र घरात इन्व्हर्टर असेल, तर डेस्कटॉपच्या बाबतीत ही चौकट उपयोगी पडत नाही. वीज गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला, हे संगणकाला कळतच नाही, त्याला पूर्वीसारखाच पुरवठा मिळत असतो. ज्या यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडलेली असते आणि ज्याची स्थिती संगणकाला वाचता येते, तोच अपवाद. भारनियमन असलेल्या गावांत हे न ओळखल्यास इन्व्हर्टरची बॅटरी दिवे-पंख्यांऐवजी पल्सार शोधण्यात संपते. अशा ठिकाणी ‘डेली शेड्यूल्स’ या पानावर वीज जाण्याच्या ठरलेल्या वेळा वगळून ठेवाव्यात.

इतर कार्यक्रमांचा प्रोसेसरवापर ठरावीक टक्क्यांवर गेल्यास गणना थांबवण्याचीही एक चौकट असते आणि तेथे सहसा २५ हा आकडा असतो. अँटिव्हायरसची तपासणी किंवा विंडोजचे अपडेट चालू झाले, की या चौकटीमुळे बॉइंक थांबते आणि नवा स्वयंसेवक सॉफ्टवेअर बिघडले असे समजतो. काम वारंवार थांबत असेल, तर हा आकडा ५०पर्यंत वाढवा.

‘डिस्क अँड मेमरी’ पानावर थांबवलेली कामे मेमरीतच ठेवण्याची चौकट आहे. ती निवडलेली असावी, असे मी आग्रहाने सांगतो. ती निवडलेली नसेल, तर प्रत्येक वेळी माउस हलवल्यावर थांबलेले काम मेमरीतून जाते आणि पुन्हा सुरू होताना शेवटच्या जतन-बिंदूपासून सुरू होते. दिवसभर असे घडत राहिले, तर प्रोसेसर तापतो, वीज जाते आणि काम मात्र पुढे सरकत नाही. मेमरी फारच कमी असलेल्या जुन्या संगणकावरच ही चौकट रिकामी ठेवावी.

सर्व भरून झाल्यावर ‘सेव्ह’ दाबा आणि कंट्रोल, शिफ्ट व ई या कळा एकत्र दाबून ‘इव्हेंट लॉग’ उघडा. त्यात स्थानिक पसंती वाचल्याची आणि जास्तीत जास्त किती सीपीयू वापरले जातील याची नोंद दिसली पाहिजे. ‘टास्क्स’ या पानावर ‘रनिंग’ असे लिहिलेल्या कामांची संख्याही मोजा. लॉग आणि ही संख्या जुळली, तरच मर्यादा लागू झाली असे समजा.

५. तरीही यंत्र तापत असेल तर : प्रोसेसरची गती कमी करा

ही पायरी बॉइंकच्या बाहेरची आहे, पण उष्णतेवर तिचाच परिणाम सर्वांत जास्त होतो. प्रोसेसरची गती वाढते तेव्हा त्याला व्होल्टेजही जास्त लागते, आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शेवटची थोडीशी गती मिळवण्यासाठी प्रोसेसर प्रमाणाबाहेर वीज खातो. ती शेवटची गती सोडून दिली, तर कामात थोडी घट होते आणि उष्णतेत मोठी.

विंडोजवर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा, चालू योजनेच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ शोधा आणि त्यातील ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. एक टक्क्याचा हा बदल दिसायला क्षुल्लक आहे, परंतु बहुतेक लॅपटॉपवर त्यामुळे टर्बो गती (प्रोसेसरने आपणहून वाढवलेली जास्तीची गती) बंद होते आणि तापमान लगेच उतरते. काही उत्पादक ही नोंद लपवून ठेवतात. तशा वेळी लॅपटॉपसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शांत किंवा कमी वापराची स्थिती निवडावी.

लिनक्सवर बॉइंक सहसा पार्श्वभूमीतील सेवा म्हणून चालते आणि सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या साहाय्याने त्या सेवेला ‘सीपीयू कोटा’ ठरवून देता येतो. येथे एक हमखास सापळा आहे. या कोट्यात १०० टक्के म्हणजे एक पूर्ण सीपीयू, सगळा प्रोसेसर नव्हे. आठ थ्रेडच्या यंत्रावर निम्मी ताकद द्यायची असेल, तर ५० नव्हे, ४०० टक्के लिहावे लागतात. ५० लिहिल्यास अर्ध्या सीपीयूवर आठ कामे ताटकळत बसतात आणि एकही मुदतीत पुरे होत नाही. म्हणून सीपीयूंची संख्या बॉइंकमध्येच कमी करावी आणि कोटा केवळ वरची सीमा म्हणून वापरावा.

६. संकेतस्थळावरील पसंती आणि संगणकावरील पसंती

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर खात्यात जाऊनही हीच सर्व मूल्ये भरता येतात. अनेक संगणक असणाऱ्यांना ते सोयीचे असते. घर, काम, शाळा अशा गटांत संगणक विभागून प्रत्येक गटाला वेगळे आकडे देता येतात. परंतु पुढील नियम नीट समजून घ्या.

एकदा तुम्ही मॅनेजरमधून संगणकावर पसंती भरली, की त्या संगणकापुरते संकेतस्थळावरचे आकडे दुर्लक्षित होतात. संकेतस्थळावर कितीही बदल केले, तरी काहीच घडत नाही अशी तक्रार नव्या स्वयंसेवकांकडून वारंवार ऐकू येते आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. पुन्हा संकेतस्थळाचे आकडे लागू करायचे असतील, तर त्याच खिडकीतील ‘यूज वेब प्रेफ्स’ हे बटण दाबावे लागते. शिवाय संकेतस्थळावरचा बदल लगेच पोहोचत नाही. तुमचा संगणक प्रकल्पाशी पुढच्या वेळी बोलेल तेव्हा तो येतो. वाट पाहायची नसेल, तर ‘प्रोजेक्ट्स’ पानावर प्रकल्प निवडून ‘अपडेट’ दाबा.

७. मर्यादा घालूनही न जुमानणाऱ्या गोष्टी

‘ॲक्टिव्हिटी’ या मेनूत ‘रन ऑलवेज’ निवडलेले असेल, तर बॅटरी, वेळापत्रक, संगणक वापरात असणे या सर्व थांबवण्याच्या अटी बाजूला पडतात. तेथे नेहमी ‘रन बेस्ड ऑन प्रेफरन्सेस’ निवडलेले असावे. थोड्या वेळासाठी शांतता हवी असेल, तर खालच्या पट्टीतील बॉइंकच्या चिन्हावरून ‘स्नूझ’ निवडा. काम तासभर थांबून आपोआप पुन्हा सुरू होते.

ग्राफिक्स कार्डाची कामे वेगळी मोजली जातात. सीपीयूंची टक्केवारी कमी करूनही पंखा ओरडत असेल, तर ‘टास्क्स’ पानावर जीपीयूचे (ग्राफिक्स कार्डाचे) काम चालू आहे का ते पाहा. अशी कामे ग्राफिक्स कार्ड तापवतातच, शिवाय त्यांना माहिती पुरवण्यासाठी अनेकदा एक सीपीयूही सतत गुंतून राहतो. लॅपटॉपवर जीपीयूची कामे बंद ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच शीतन व्यवस्थेवर अवलंबून असतात.

काही प्रकल्पांत एकच काम अनेक कोअर घेते. एलएचसी ॲट होमचे ॲटलस हे त्याचे ठळक उदाहरण असून ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालू शकते आणि बरीच मेमरी घेते. तेथे एका कामाने जास्तीत जास्त किती सीपीयू घ्यावेत, हे प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील प्रकल्पविशेष पसंतीत ठरवता येते. नव्या स्वयंसेवकाने सुरुवात अशा कामांपासून करू नये.

दोन-तीन प्रकल्प चालवताना एखाद्याच प्रकल्पाच्या कामांची संख्या मर्यादित करायची असेल, तर त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘ॲप कॉन्फिग’ नावाची फाइल ठेवावी लागते. तिची रचना बॉइंकच्या मदत-पानांवर दिलेली आहे. मी येथे फक्त एक सूचना देतो: नोटपॅडमध्ये ती जतन करताना नावाच्या शेवटी टीएक्सटी हा विस्तार चिकटतो आणि बॉइंकला ती फाइल सापडत नाही. विस्तार दाखवण्याची सोय चालू करून नाव तपासा, मग ‘ऑप्शन्स’ मेनूतून ‘रीड कॉन्फिग फाइल्स’ निवडा आणि इव्हेंट लॉग पाहा.

अँड्रॉइड फोनवर काळजी थोडी कमी करावी लागते. तेथे बॉइंक मुळातच फोन चार्जरला लावलेला असताना, बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असताना आणि तिचे तापमान ४० अंशांच्या आत असतानाच काम करते. हे आकडे बदलण्याच्या फंदात पडू नका. विदर्भातल्या मे महिन्यात फोन दिवसभर काहीच काम करत नसल्याचे दिसेल आणि ते योग्यच आहे.

८. मर्यादेनुसार कामाचा साठा कमी करा

प्रत्येक कामाला परत करण्याची मुदत असते, आइनस्टाइन ॲट होममध्ये ती सहसा १४ दिवसांची असते. आठऐवजी दोनच सीपीयू दिल्यावर कामे सावकाश पुरी होतात, पण बॉइंकने आधीच्या वेगाचा अंदाज धरून साठवलेली कामे रांगेत तशीच असतात. ‘कम्प्युटिंग’ पानावरील साठ्याच्या दोन चौकटींत ०.१ आणि ०.५ दिवस ठेवणे घरगुती संगणकाला पुरेसे आहे. पाच-दहा दिवसांचा साठा भरून ठेवण्याचा मोह टाळा. इंटरनेट बहुतांश वेळ उपलब्ध असलेल्या घरात त्याचा उपयोग नाही.

मर्यादा बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांनी ‘टास्क्स’ पानावर प्रत्येक कामाची उरलेली वेळ आणि मुदत ताडून पाहा. रांगेतील एखादे काम मुदतीत होणार नाही असे स्पष्ट दिसत असेल आणि ते अजून सुरूही झाले नसेल, तर ते निवडून ‘अबॉर्ट’ (रद्द) करणे प्रकल्पाच्या दृष्टीने जास्त हिताचे असते, कारण ते काम लगेच दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवता येते. तुमच्याकडे पडून राहिल्यास प्रकल्पाला मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. परगावी जाताना किंवा संगणक काही दिवस बंद ठेवताना हेच तत्त्व पाळा: आधी ‘प्रोजेक्ट्स’ पानावर ‘नो न्यू टास्क्स’ दाबा, हाती असलेली कामे संपून त्यांची उत्तरे परत जाऊ द्या आणि मगच यंत्र बंद करा.